साचा क्रमांक सत्तावीस

१२ फेब्रुवारी

भावजी,

नमस्कार. हा नमस्कार तुमच्या दादांच्या आग्रहाखातर आहे. ते समोर बसून बूट शिवताहेत आणि मी पहिली ओळ काय लिहिते ते त्यांनी दोनदा मान वर करून बघितलंय.

कामाचं बोलते. कारखान्यातला संगणक, ज्याचं नाव तुम्ही मोठ्या कौतुकानं ‘टाच’ ठेवलं होतं, या आठवड्यात तीनदा अडकला. पडद्यावर पायाचं चित्र उघडलेलं असतं, बाण हलतो, पण खिडकी हलत नाही. माझी मावसबहीण कॉलेजच्या संगणक विभागात आहे, तिला फोन केला. तिनं विचारून विचारून निदान केलं. खालचं युनिक्स, म्हणजे यंत्राचा पाया, ठणठणीत आहे म्हणाली. दुखणं आहे ते वरच्या थराचं, म्हणजे पडद्यावर खिडक्या काढून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. तुम्ही बारा वर्षांपूर्वी बसवलंत, त्यानंतर कुणी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. ते काढून नवं बसवायला हवं, नाहीतर एक दिवस पडदा काळा होईल.

म्हणून गुरुवारी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही हसलात. “वहिनी, त्याला हात लावू नका. माझा प्रोग्रॅम त्या जुन्यावरच उभा आहे. ते काढलंत की एकही चित्र उघडायचं नाही. मी नसलो तर हे चार दिवस चालणार नाही, हे मी जातानाच सांगितलं होतं.” मग म्हणालात, दादाला फारच अडचण असेल तर त्यानं मला फोन करावा.

दादा फोन करणार नाहीत. केला तर रडतील, आणि मला ते बघायचं नाही.

तुम्ही पूल ओलांडून पलीकडे स्वतःचं दुकान थाटलंत त्याला दोन वर्षं झाली. जाताना दोन शिलाई यंत्रं नेलीत, मामंजींची ऐरण नेलीत, त्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. पण एक हजार नऊशे माणसांच्या पायांची चित्रं या यंत्रात आहेत. कुणाची टाच आत वळलेली, कुणाचा एक पाय बोटभर आखूड. ती चित्रं गेली तर आमच्याकडे उरतं काय, चामडं आणि दाभण. आधीच गिऱ्हाईक आटत चाललंय. दर दोन वर्षांनी नवा बूट घ्यायला येणारी जुनी माणसं या वर्षी येतच नाहीत. मी फोन केला की म्हणतात, “दिलाय की बूट करायला.” कुठे दिलाय ते सांगत नाहीत.

मला तुम्ही सहा बटणं शिकवलीत. सातव्याला हात लावला तर सगळं जाईल अशी भीती घातलीत. बारा वर्षं मी त्या सातव्या बटणाला घाबरून काढली. आता एवढंच सांगा, नवं बसवताना तुमच्या प्रोग्रॅमसाठी काय जपायचं? एका कागदावर चार ओळी लिहून पाठवल्यात तरी चालेल.

तुमची,
वहिनी


२ मार्च

भावजी,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाहीये. खणात ठेवणार आहे. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं डोकं शांत होणार नाही, आणि सांगायला तुमच्याइतका लायक माणूस दुसरा नाही.

तुमच्या चार ओळी आल्या नाहीत. मग मावसबहिणीनं फोनवरून मला पायऱ्या लिहून दिल्या. “ताई, घाई करायची नाही. आधी सगळी चित्रं दुसऱ्या डिस्कवर उतरव. नुसती उतरवून थांबू नकोस, ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून दहा-वीस चित्रं उघडून बघ. उघडली नाहीत तर ती प्रत नाही, तो नुसता डबा.” मी वीस नाही, दोनशे उघडली. मग जे बसवलेलं आहे त्याचा क्रमांक वहीत लिहिला. तिसरी पायरी अशी, की या क्षणी जुन्या सॉफ्टवेअरच्या आधारानं कोणकोणते प्रोग्रॅम खिडक्या मांडून बसलेत, त्याची यादी काढायची. म्हणजे ते काढताना कुणाच्या पायाखालची जमीन जाणार ते आधी कळतं.

तिनं सांगितलेली अक्षरं टंकली. यादी आली. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला यंत्राचं नाव असतं. टाच, टाच, टाच, टाच. आणि शेवटच्या ओळीत, चवडा.

“चवडा कोण गं?” तिनं विचारलं.

मला लगेच कळलं. तुमच्या दुकानाच्या उद्घाटनाला दादा एकटेच गेले होते. संध्याकाळी येऊन कौतुकानं सांगत होते, “त्यानं नव्या संगणकाचं नाव चवडा ठेवलंय. आपली टाच, त्याचा चवडा. म्हणजे मनातून तुटला नाहीये तो.”

मावसबहिणीनं समजावून सांगितलं. हे जुनं सॉफ्टवेअर असं आहे, की सांगून ठेवलं तर बाहेरच्या यंत्रालाही आपला पडदा बघू देतं. यंत्र सुरू होताना वाचली जाते त्या फाइलीत तुम्ही एक ओळ लिहून ठेवली आहे. येईल त्याला येऊ द्या, असा तिचा अर्थ. मी तुमच्या बाजूनंही विचार करून बघितला. तुम्ही घरून माझ्या चुका दुरुस्त करायचात, तेव्हा लिहिली असेल. पण जाताना शिलाई यंत्रं न्यायची आठवण राहिली आणि ती ओळ पुसायची आठवण मात्र राहिली नाही, असं कसं झालं?

म्हणजे दोन वर्षं मी इथे बसून ज्याचं चित्र उघडीन, ते तिकडे तुमच्या पडद्यावर उघडत होतं. बाजूला बेचाळीस मापं, खाली पत्ता, फोन, आणि आधीचा बूट कधी दिला ती तारीख. मी महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुदत संपलेल्यांची चित्रं उघडून यादी करते. मंगळवारी त्यांना फोन करते. तुम्ही सोमवारी दुपारीच करत होतात. माप द्यायला यायचीही गरज नाही, मापं आहेतच आमच्याकडे, असं सांगून.

“आत्ताच्या आत्ता ती ओळ पूस ताई,” ती म्हणाली. “एका ओळीचं तर काम आहे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये हा दरवाजा मुळात बंदच असतो, पण तोपर्यंत तरी.”

मी म्हटलं, “राहू दे अजून थोडे दिवस.”

ती म्हणाली, “काय शिजतंय तुझ्या डोक्यात?”

मी काही सांगितलं नाही. दादांनाही सांगितलेलं नाही. त्यांना सांगितलं तर ते म्हणतील, बिचाऱ्याला आपली आठवण येत असेल म्हणून बघत असेल. अशा माणसाशी संसार केल्यावर सगळा राग एकटीलाच करावा लागतो. गेली दोन वर्षं मी तो करतेय, आणि आता मला त्याचा कंटाळा आलाय. आता दुसऱ्या कुणाला तरी त्याचा त्रास झाला पाहिजे.


२० मार्च

प्रिय भावजी,

तुमचं ऐकलं बरं का. यंत्राला हात लावला नाही. म्हटलं, ज्यानं बसवलं त्याला जास्त कळणार, आपण उगाच शहाणपणा कशाला करा. जुनं आहे तोवर चालवू. अडकलं की बंद करून सुरू करते, होतं चालू.

इकडे सगळे बरे आहेत. दादांचा खांदा दुखतो, पण काम सोडत नाहीत. कोरणाऱ्या यंत्रातून चित्राबरहुकूम लाकडी साचा निघाला की अजूनही टेप घेऊन स्वतः मोजतात. मी चिडवते, की संगणकानं दिलेलं माप तुम्ही टेपनं काय तपासता? तुम्हीही चिडवायचात, आठवतं? परवा म्हणाले, “दोन-तीन साचे चवड्याला जरा पुढे आलेत, मी घासून बरोबर केले.” म्हटलं, यंत्र म्हातारं झालंय.

तुमच्याकडे काम भरपूर असेल. हल्ली लोक पलीकडेच जातात असं ऐकते. छान आहे. घरातलंच दुकान ते. तुमची प्रगती बघून मला काय वाटतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

तब्येतीला जपा. डोळ्यांना फार ताण देऊ नका, सारखं पडद्याकडे बघणं वाईट.

तुमची,
वहिनी


९ एप्रिल, सकाळी साडेदहा

भावजी,

हे पत्र कागदावर नाही. टाचेच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहितेय. चवडा जोडलेला आहे, मी आत्ताच यादी काढून बघितली. तेव्हा तुम्ही वाचताय. वाचत नसाल तर वाचेपर्यंत मी ही खिडकी हलवणार नाही.

तुम्ही दोन वर्षं आमचा पडदा बघताय हे मला दोन मार्चपासून माहीत आहे. दरवाजा मी मुद्दाम उघडा ठेवला. लाज कुणाला वाटायला हवी त्याचा हिशोब नंतर करू, आधी कामाचं.

अकरा मार्चला मी एक चित्र बिघडवलं. त्या संगीत शिकवणाऱ्या बाई, रुंद चवड्याच्या. त्यांच्या चित्रात चवड्याची रेघ सहा मिलिमीटर पुढे सरकवली. बूट जिथे वाकायला हवा तिथे न वाकता बोटांवर वाकेल, एवढंच. त्यांचे पाय धडधाकट आहेत. म्हटलं दोन दिवस चावेल, तिसऱ्या दिवशी तुमच्या नावानं खडे फोडत माझ्याकडे येतील. आणि आल्या. दोन एप्रिलला तुमचा बूट पिशवीत घालून लंगडत आल्या, आणि तुम्हाला काय काय बोलल्या ते मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. त्या दिवशी मी फार खुशीत होते. दादांनी विचारलंसुद्धा, आज काय विशेष?

काल पोस्टमनकाका आले.

निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी आपण त्यांना पोस्टमनकाकाच म्हणतो. मामंजींचे दोस्त. उजव्या पायाची दोन बोटं साखरेनं आधीच गेलेली, आणि दोन्ही तळवे बधिर. टाचणी टोचली तरी कळत नाही. ते माझी माफी मागायला आले होते. “सूनबाई, राग मानू नकोस. धाकट्याचा फोन आला, लहानपणी खांद्यावर बसवलेलं पोर, नाही म्हणवेना. बूट छान झालाय. दहा दिवस झाले, जरासुद्धा चावत नाही बघ.”

मी म्हटलं, बघू. तुमच्या दादांनी बूट उतरवला. मोजा पुढून ओला होता. मोजा काढला तर तिसऱ्या बोटाची वरची कातडी गेलेली, आत पांढरं दिसत होतं. काका वाकून बघत होते, जणू दुसऱ्याचाच पाय आहे. “अरेच्चा,” म्हणाले. “हे कधी झालं?”

दादांनी त्यांना पाठुंगळी घेऊन रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. मी तो बूट घेऊन बसले आणि टेप लावला. चवड्याची रेघ सहा मिलिमीटर पुढे.

मी काकांच्या चित्राला बोट लावलं नव्हतं, भावजी. तेरा मार्चला फक्त उघडलं होतं, त्यांच्या नव्या बुटाची तारीख बघायला. मग चित्रं तपासत बसले तेव्हा कळलं. तुमच्या त्या अक्कलहुशारीच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक चित्र एका मूळ साच्यावर उभं असतं ना? संगीतवाल्या बाई साचा क्रमांक सत्तावीसवर. काकाही सत्तावीसवर. एकूण त्रेसष्ट माणसं सत्तावीसवर. बाईंची रेघ सरकवून मी बदललेलं जुनं चित्र जतन करायचं, आजवर कधी न दाबलेलं बटण दाबलं, तेव्हा ती रेघ बाईंच्या चित्रात नाही, मूळ साच्यात सरकली. त्रेसष्ट जणांची एकदम. हेच तुमचं सातवं बटण असावं. ते काय करतं एवढं जरी मला सांगून ठेवलं असतंत तर.

नाही, हे मी तुमच्या गळ्यात मारतेय. रेघ मी सरकवली. दादा म्हणाले होते दोन-तीन साचे पुढे आलेत, ते मी ऐकलं होतं आणि तुम्हाला पत्रात टोमणा म्हणून लिहिलं होतं. तेव्हाच थांबून विचार केला असता तर काकांचा बूट घडला नसता. मला मजा येत होती, म्हणून मी विचार केला नाही.

आमच्याकडून गेलेले बूट ठीक आहेत, कारण दादा प्रत्येक साचा टेपनं मोजून गिऱ्हाईकाच्या पायाशी ताडतात. तुम्ही मोजत नाही. पडद्यावरची बेचाळीस मापं उतरवता आणि थेट कोरायला लावता.

आता नीट वाचा. अकरा मार्चनंतर सत्तावीसवरची किती चित्रं मी उघडली आणि त्यातल्या कुणाकुणाचे बूट तुम्ही केलेत, ते मला माहीत नाही. ते फक्त तुम्हाला माहीत आहे. त्यात साखरवाले किती, बधिर पायांचे किती, तेही

ही काय खिडकी उघडलीत माझ्या पडद्यावर? अच्छा. म्हणजे असंही करता येतं तर.

“वहिनी, नक्की अकरा मार्चपासूनच ना? आधी नाही?”

दोन वर्षांत तुम्ही मला विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न. हो, अकरा मार्च, दुपारी चार. आधीचं सगळं बरोबर आहे.

“बाई आणि काका सोडून अकरा बूट गेलेत.”

अकरा. मग बसा आता फोन करत. अकरा जणांना आज संध्याकाळच्या आत फोन करायचा. बूट लगेच उतरवा, पाय बघा, जखम असेल तर आधी डॉक्टर, असं सांगायचं. ते विचारतील काय चुकलं, मापं तर तुमच्याकडे होती ना? तेव्हा काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. माप दुसऱ्याच्या पडद्यावरून चोरलं होतं, हे सांगायचं की स्वतःच्या हातानं चुकलो म्हणायचं. मी गेले महिनाभर तुम्हाला तोंडघशी पाडायचं स्वप्न बघत होते. अशा तऱ्हेनं नको होतं, पण झालं, आणि अकरा वेळा होईल. तेवढं समाधान मी घेणार.

सुरुवातीला घेतलेली प्रत माझ्याकडे आहे. तीवरून मी साचा सत्तावीस पुन्हा जागेवर आणलाय. उद्या सकाळी अकरा वाजता मी हे जुनं सॉफ्टवेअर काढणार. तोवर त्या अकरा जणांची बरोबर चित्रं एकेक करून पडद्यावर ठेवते. नावं फोनवर सांगा. प्रत्येकाला पाच मिनिटं. मापं उतरवून घ्या आणि या वेळी टेपनं मोजा.

आणि पुन्हा माझ्या पडद्यावर खिडकी उघडू नका. कागदावर लिहा, किंवा पूल ओलांडून या.


२८ एप्रिल

भावजी,

सोबत दोन मार्चचं पत्र जोडलंय, तेव्हा टाकलं नव्हतं ते. तुमच्याबद्दल मला काय वाटत होतं ते तुम्हाला जसंच्या तसं मिळावं म्हणून.

अकराच्या अकरा जणांना तुम्ही त्याच दिवशी फोन केलेत हे मला कळलं. त्यातले चौघं बूट घेऊन आमच्याकडे आले. तिघांना साधे फोड होते, एका आजोबांना तेवढंही नव्हतं. त्यांनी सांगितलं, “धाकटा म्हणाला, माझी चूक झाली, मी दादांच्या मापावरून चोरून बूट करत होतो.” मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी थाप माराल. मारली नाहीत. एवढं तुमच्या बाजूनं लिहिते, याच्यापुढे मागू नका.

दहा तारखेला ठरल्याप्रमाणे काम केलं. सगळे प्रोग्रॅम बंद केले. जुनं सॉफ्टवेअर मुळापासून काढलं, वरून नवं थापलं नाही, कारण मावसबहीण म्हणाली दोन्ही राहिली तर एकमेकांच्या पायात येतात. नवं बसवलं. मग लॉगआउट करून पुन्हा आत आले, कारण तसं केल्याशिवाय यंत्र जुन्याच जागी खिडक्या शोधत राहतं. तुमचा प्रोग्रॅम सुरू केला. उघडला, भावजी. पहिल्या फटक्यात. अक्षरं बारीक दिसत होती, ती मोठी करायला दहा मिनिटं लागली, आणि एका यादीत रंग उलटे आले. बाकी एक हजार नऊशे पाय जागच्या जागी. रद्दी लाकडावर एक साचा कोरून दादांनी मोजला, केसाचाही फरक नव्हता. ज्याला मी बारा वर्षं भीत होते ते काम दोन तासांत, तेही मध्ये चहा घेऊन झालं. शेवटी यादी काढली. टाच, टाच, टाच. बास.

याची तुम्हाला मिरची लागावी म्हणून मी इतकं सविस्तर लिहिलंय. पण पुढचं लिहायचं माझ्या जिवावर आलंय.

दादांना मी नऊ तारखेलाच सगळं सांगितलं होतं. तुमचं आधी सांगितलं, मग माझं. तुमचं ऐकून ते खाली बघत राहिले. माझं ऐकून उठले, हात धुतले आणि म्हणाले, “काकांना तू सांगायचंस. मी नाही.”

मी दवाखान्यात जाऊन सांगितलं. काका छताकडे बघत म्हणाले, “तुझ्या सासऱ्यानं एकट्यानं चाळीस वर्षं बूट शिवले. त्याच्या हातून कुणाचं बोट गेलं नाही. तुम्ही दोघांनी मिळून ती वेळ आणलीत की गं.” त्यांचा आवाज चढलाही नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

गुरुवारी डॉक्टरांनी ते तिसरं बोट काढलं. वाचवायचा प्रयत्न दोन आठवडे चालला होता.

घरी आल्यावर दादा म्हणाले, “यापुढे साच्यांना तू हात लावायचा नाहीस.” लग्नाला सव्वीस वर्षं झाली, या माणसानं मला आजवर कशालाही नाही म्हटलेलं नाही. मी वाद घातला. म्हटलं, ज्यानं चोरी केली त्याला सोडून मला शिक्षा? ते म्हणाले, “त्याला तू बाहेर काढलंस ना? झालं तर मग. आता तूही बाहेर हो.” त्यांना त्या यंत्रातलं काही कळत नाही, म्हणून ते कुलूपही मलाच लावावं लागलं. मावसबहिणीला विचारून माझ्या खात्यावर असं करून ठेवलंय, की चित्रं मला दिसतात, बदलता येत नाहीत. पासवर्ड दादांनी टाकला. मी तोंड फिरवून उभी होते.

तेव्हा खुश व्हा. तुम्हाला बाहेर काढता काढता मी स्वतःही बाहेर झाले. मला तुमचा राग अजून तितकाच येतो, रोज येतो, सकाळी खुर्चीत बसले की येतो. तुम्ही ती एक ओळ पुसून गेला असतात तर मला हे सुचलं नसतं. पण हे मी रात्रंदिवस घोकलं तरी रेघ माझ्याच हातानं सरकलेली आहे.

आज सकाळी काकांचं चित्र नव्यानं काढायला घेतलं. नव्या सॉफ्टवेअरवरचं पहिलं चित्र. दादा दोन बोटांनी बटणं शोधत होते आणि मी शेजारी स्टुलावर बसून सांगत होते, आता इथे दाबा, आता रेघ डावीकडे. एका पायाला चार तास लागले. मी वीस मिनिटांत काढलं असतं. शेवटी तिसऱ्या बोटाशी आले तेव्हा त्यांनी विचारलं, “हे कसं पुसायचं?” मी सांगितलं. ते म्हणाले, “तू बाहेर जा जरा,” आणि मी गेले.

हे पत्र मी तुम्हाला लिहितेय ते एवढ्याच कामासाठी. तुमच्या यंत्रात काकांचं जे चित्र आहे, त्यात ते बोट अजून आहे. ते पुसून टाका. आणि तेही तुमच्या हातानं पुसा, दुसऱ्या कुणाला सांगू नका.

वहिनी